संत कॅथरीन ड्रेक्सेल व त्यांचा भगिनीसंघ

पवित्र ख्रिस्तसभेच्या संतमालिकेंत दरिद्री लोक पुष्कळ आहेत, धनवान थोडे. त्या थोड्यांतहि आपलें धन, आपला देह आणि समाजांतील आपला मान हीं तिन्ही ज्या लोकांना समाज जवळ करावयास तयार नव्हता अशांच्या सेवेंत खर्ची घालणारे तर विरळाच. ह्या स्मरणपुस्तिकेंत आमचें देऊळ केव्हां उभें राहिलें, कोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हा वृत्तांत इतर पानांवर आलाच आहे. परंतु देऊळ बांधून झाल्यावर त्यांत कोणीं कोठें बसावें, हा प्रश्न कोणत्याहि धर्मग्रामाला चुकत नाहीं. ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं व ज्यांच्या संघानें साठ वर्षांहून अधिक काळ कृतीनें दिलें, त्या संत कॅथरीन ड्रेक्सेल ह्यांचें चरित्र ज्युबिलीच्या ह्या शुभप्रसंगीं आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जन्म व बालपण

कॅथरीन ह्यांचा जन्म अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ता. २६ नोव्हेंबर १८५८ रोजीं झाला. वडील फ्रान्सिस अँथनी ड्रेक्सेल हे पेढीवाले असून त्यांच्या घराण्याच्या पेढीची गणना त्या देशांतील पहिल्या प्रतीच्या पेढ्यांत होत असे. आई हॅना ही मुलीच्या जन्मानंतर सुमारें पांच आठवड्यांनीं देवाघरीं गेली. मागें कॅथरीन व तिची थोरली बहीण एलिझाबेथ अशा दोन मुली राहिल्या. १८६० सालीं वडिलांनीं एमा बूव्हिए नांवाच्या भाविक स्त्रीशीं दुसरें लग्न केलें आणि १८६३ सालीं त्यांना लुईज नांवाची मुलगी झाली.

सावत्र आई म्हटली कीं आपल्या मनांत जें चित्र उभें राहतें, त्याच्या अगदीं उलट ही बाई होती. तिघी मुलींत तिनें कधीं भेद केला नाहीं. आठवड्यांतून ठराविक दिवशीं ती आपल्या वाड्याचें दार गरिबांसाठीं उघडी ठेवी. कोणाला अन्न, कोणाला कपडे, कोणाला घरभाड्याचे पैसे, असें ज्याला जें हवें तें देई. आणि मुलींना हाताशीं घेऊन हें काम करी. वडील पेढीवरून परतले म्हणजे प्रथम प्रार्थनेंत वेळ घालवीत. धन हें आपल्या मालकीचें नसून दुसऱ्यांसाठीं आपल्या हातीं ठेविलेली ठेव आहे, हा धडा त्या मुली घरींच शिकल्या.

एमाबाईंना कर्करोग जडला व दीर्घ दुखण्यानंतर १८८३ सालीं त्या वारल्या. त्यांची शुश्रूषा कॅथरीननें केली. सारा पैसा हाताशीं असूनहि आईच्या वेदना थांबवितां येत नाहींत, हें पाहून तिच्या मनांत वैराग्याचा विचार प्रबळ झाला. दोनच वर्षांनीं, १८८५ सालीं, वडीलहि गेले. त्यांची मिळकत सुमारें दीड कोट डॉलर भरली. तिचा दहावा हिस्सा त्यांनीं धर्मादाय संस्थांना दिला व बाकीच्या भांडवलाचें उत्पन्न तिघी मुलींना हयातभर मिळावें, अशी व्यवस्था करून ठेविली. मुलींना मूलबाळ न झाल्यास तें भांडवल मृत्युपत्रांत नेमलेल्या संस्थांकडे जावयाचें होतें. हें कलम वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

त्या काळचा समाज

अमेरिकेंत गुलामगिरीची चाल १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. त्यापूर्वीं दक्षिणेकडील कित्येक संस्थानांत गुलामांना लिहावयास वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. बेड्या तुटल्या, परंतु द्वेष तुटला नाहीं. शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, इस्पितळ वेगळें, असा प्रकार सुरू झाला आणि १८९६ सालीं लुइझियाना संस्थानांतील एका आगगाडीच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानेंच ह्या वेगळेपणाला मान्यता दिली. कृष्णवर्णी माणसाला जमावानें पकडून चौकशीवांचून झाडाला टांगावें आणि कोणाला शिक्षा होऊं नये, असे प्रकार कितीएक वर्षें चालले. देशाचे मूळ रहिवासी, ज्यांना इंडियन असें चुकीचें नांव पडलें होतें, ते आपल्याच भूमींत राखीव प्रदेशांत कोंडले गेले होते.

आम्हांला दुःखानें लिहावें लागतें कीं देवाच्या मंदिरांतहि हा भेद शिरला होता. कितीएक देवळांत काळ्या भाविकांना मागच्या बांकांवर किंवा वरच्या माडीवर बसवीत, आणि गोऱ्यांनीं ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर मग त्यांची पाळी येई. १८८४ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या बिशपांच्या परिषदेनें कृष्णवर्णी व इंडियन लोकांतील मिशनांसाठीं दरवर्षीं सर्व देवळांत वर्गणी गोळा करण्याचें ठरविलें खरें, परंतु वर्गणी देणें सोपें आणि शेजारीं बसूं देणें कठीण, असा सर्वत्र अनुभव होता.

पोपमहाराजांची भेट

वडिलांच्या मृत्यूनंतर लवकरच बिशप मार्टी व फादर स्टीफन हे दोघे ड्रेक्सेल भगिनींकडे इंडियन मिशनांसाठीं मदत मागावयास आले. कॅथरीननें मुक्तहस्तानें पैसा दिला व शाळा बांधून दिल्या. परंतु शाळेची इमारत म्हणजे शाळा नव्हे. शिकविणारीं माणसें कोठून आणावीं? १८८७ च्या जानेवारींत तिघी बहिणी रोमला गेल्या असतां कॅथरीननें पोप तेरावे लिओ ह्यांच्या पायांशीं गुडघे टेकून ह्या मिशनांसाठीं मिशनरी पाठवावे, अशी विनंती केली. पोपमहाराजांनीं मायेनें तिलाच उलट विचारलें कीं, मुली, तूं स्वतःच मिशनरी कां होत नाहींस? ती बाहेर आली आणि ओक्साबोक्शी रडली. पैसा देण्याची तिची तयारी होती. देवाला पैसा नको होता, ती स्वतः हवी होती.

त्याच वर्षीं व पुढच्या वर्षीं ती राखीव प्रदेश पाहून आली. तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक, ओमाहाचे बिशप ओकॉनर, प्रथम तिला संसारांत राहूनच दानधर्म करण्याचा सल्ला देत होते. पुढें त्यांचेंच मत पालटलें व ह्या दोन समाजांसाठीं तिनें नवा संघ स्थापावा, असें ते म्हणूं लागले. तिची स्वतःची ओढ एकांतांतील प्रार्थनामय जीवनाकडे होती. संघ स्थापण्याचा भार तिला नको होता. शेवटीं तिनें आज्ञा मानली. १८८९ च्या मे महिन्यांत पिट्सबर्ग येथील सिस्टर्स ऑफ मर्सी ह्यांच्या मठांत ती उमेदवार म्हणून दाखल झाली. एवढ्या मोठ्या घरची मुलगी लाखों डॉलर सोडून मठांत गेली, ही बातमी वर्तमानपत्रांनीं ठळक अक्षरांत छापली.

संघाची स्थापना

बिशप ओकॉनर १८९० सालीं वारले. त्याच वर्षीं एलिझाबेथहि बाळंतपणांत गेली. अशा दुःखांत फिलाडेल्फियाचे आर्चबिशप रायन ह्यांनीं धीर दिला. ता. १२ फेब्रुवारी १८९१ रोजीं कॅथरीन ह्यांनीं व्रतें घेतलीं आणि परमपवित्र साक्रामेंताच्या भगिनींचा संघ अस्तित्वांत आला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्यांशिवाय त्यांनीं आणखी एक वचन दिलें : इंडियन व कृष्णवर्णी लोकांची आपण माता व दासी होऊं आणि ह्या सेवेला बाध येईल असें दुसरें कोणतेंहि काम अंगावर घेणार नाहीं.

संघाच्या नांवांतच त्यांच्या कार्याचें मूळ आहे. वेदीवरचा ख्रिस्त एक आहे. त्याचें शरीर गोऱ्यासाठीं एक व काळ्यासाठीं दुसरें असें नसतें. जो ह्या मेजाशीं येतो तो आपल्या शेजारच्याला दूर सारील तर तो ज्याला स्वीकारीत आहे त्या ख्रिस्तालाच दूर सारतो. मदर कॅथरीन ह्यांनीं समाजसुधारणेचीं व्याख्यानें दिलीं नाहींत. साक्रामेंतासमोर तासचे तास गुडघे टेकून त्या जें शिकल्या तें त्यांनीं शाळांच्या रूपानें उभें केलें.

शाळांचा वेल

१८९४ सालीं पहिल्या भगिनी न्यू मेक्सिकोंतील सांता फे येथें प्वेब्लो मुलांच्या शाळेंत गेल्या. १८९९ सालीं व्हर्जिनियांत जेम्स नदीच्या कांठीं कृष्णवर्णी मुलींसाठीं निवासी शाळा निघाली. जवळच धाकटी बहीण लुईज व तिचे पति ह्यांनीं मुलांसाठीं उद्योगशाळा काढिली होती. १९०२ सालीं अॅरिझोनांत नाव्हाहो लोकांसाठीं संत मायकल शाळा उघडली.

१९०५ सालीं टेनेसींतील नॅशव्हिल शहरीं कृष्णवर्णी मुलींची शाळा काढण्याकरितां मदर कॅथरीन ह्यांनीं एक वाडा विकत घेतला. काळ्या मुलींची शाळा म्हटल्यावर गोऱ्या वस्तींत कोणी जागा विकणार नाहीं, हें जाणून त्यांनीं व्यवहार मध्यस्थामार्फत केला होता. खरा हेतु कळतांच शहरांत गिल्ला झाला. वाडा विकणाऱ्या गृहस्थानें व्यवहार मोडण्याची गळ घातली. वर्तमानपत्रांत टीका झाली. मदरनीं त्याला सौम्य शब्दांत उत्तर लिहिलें, परंतु जागा सोडली नाहीं. त्याच वर्षीं शाळा सुरू झाली.

त्यांचें सर्वांत मोठें काम लुइझियानांतील न्यू ऑर्लिन्स शहरीं झालें. तेथें कृष्णवर्णी लोकांसाठीं एक सरकारी विद्यालय होतें. शेजारच्या गोऱ्या रहिवाशांना तें नकोसें झालें व तें शहराबाहेर हलविण्यांत आलें. रिकामी इमारत मदर कॅथरीन ह्यांनीं पुन्हां मध्यस्थामार्फत घेतली आणि १९१५ सालीं तेथें शाळा उघडली. माथेफिरूंनीं खिडक्यांच्या कांचा फोडल्या. भगिनींनीं नव्या बसविल्या. १९१७ सालीं शिक्षक तयार करणारें विद्यालय, १९२५ सालीं कॉलेज, १९२७ सालीं औषधिशास्त्राचा विभाग, अशीं पावलें पडत गेलीं आणि १९३२ सालीं नव्या भव्य इमारतींचें उद्घाटन झालें. ह्या विद्यापीठाला नांव दिलें झेवियर. ज्यांचा पवित्र देह आपल्या जुन्या गोव्यांत विसावला आहे, तेच हे संत फ्रान्सिस झेवियर. अमेरिकेंत मुख्यतः कृष्णवर्णी लोकांसाठीं स्थापिलेलें कॅथलिक विद्यापीठ एवढें एकच. येथून शिकलेले तरुण लुइझियानाच्या खेड्यापाड्यांत मदरनींच बांधून दिलेल्या शाळांत शिक्षक म्हणून गेले. आज त्या देशांतील कृष्णवर्णी डॉक्टर व औषधितज्ज्ञ ह्यांत झेवियरचे विद्यार्थी मोठ्या संख्येनें आढळतात. २००५ सालच्या महापुरांत हें विद्यापीठ पाण्याखालीं गेलें. परंतु २००६ च्या जानेवारींत वर्ग पुन्हां भरूं लागले.

१९२२ सालीं टेक्सासमधील बोमाँट गांवीं भगिनींच्या शाळेविरुद्ध कू क्लक्स क्लॅन नांवाच्या द्वेषी मंडळीनें देवळाच्या दारावर धमकीचा कागद लाविला. भगिनींनीं शाळा बंद केली नाहीं. त्या प्रार्थनेला बसल्या. पुढें थोड्याच दिवसांत वादळ होऊन त्या मंडळीचें घर कोसळलें, अशी कथा तेथें सांगतात. आम्हांला वादळापेक्षां मोठें आश्चर्य ह्याचें वाटतें कीं धमकीच्या दुसऱ्या दिवशींहि वर्ग भरला आणि मुलें आलीं.

देवळांतील बांक

मदर कॅथरीन ह्यांच्याकडे देऊळ बांधण्यासाठीं मदत मागणाऱ्या धर्मगुरूंचीं पत्रें येत. त्या पैसा देत, पण एका अटीवर. दक्षिणेंत काळ्या व गोऱ्या भाविकांनीं मिसळून बसावें, हें तेव्हां कोणी चालूं देत नसे. म्हणून त्या म्हणत कीं निदान वेदीपासून दारापर्यंतची एक सबंध बाजू कृष्णवर्णी लोकांसाठीं राखावी. मागच्या कोपऱ्यांत किंवा माडीवर त्यांना ढकलूं नये. ही अट आजच्या वाचकाला अपुरी वाटेल आणि ती अपुरी होतीच. परंतु जो मनुष्य जन्मभर पाठीमागच्या भिंतीशीं उभा राहिला, त्याला पहिल्या ओळींतून वेदी दिसूं लागली, हें त्या काळीं लहान काम नव्हतें. पुढें दक्षिणेंत जमावाकडून होणाऱ्या हत्या थांबविणारा कायदा व्हावा, म्हणून भगिनींनीं राष्ट्राध्यक्षांना पत्रेंहि धाडलीं.

हें सारें करणाऱ्या मदर स्वतःवर मात्र दमडीहि खर्चीत नसत. पेन्सिलीचा तुकडा बोटांत धरवेनासा होईपर्यंत त्या वापरीत. जोडे पुन्हां पुन्हां शिवून घालीत. त्यांच्या दानाचें मान एवढें कीं, उत्पन्नाचा जवळजवळ सारा भाग वर्षानुवर्षें धर्मादाय देणाऱ्यास आयकरांतून सूट देणारें कलम अमेरिकेच्या कायदेमंडळानें केलें, तें मुख्यतः त्यांच्यामुळें. हयातींत त्यांनीं सुमारें दोन कोट डॉलर ह्या कार्यासाठीं दिले.

एक उणीव

संतांचें चरित्र लिहितांना त्यांच्या काळाची सावली लपवूं नये, असें आम्हांला वाटतें. ज्या संघानें काळ्या मुलींसाठीं एवढें केलें, त्या संघांत काळ्या मुलींना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रवेश नव्हता. ह्याचें एक कारण असें दिलें जाई कीं बाल्टिमोर व न्यू ऑर्लिन्स येथें कृष्णवर्णी भगिनींचे जुने संघ होते व त्यांच्याकडे जाणाऱ्या मुली आपण ओढूं नयेत. दक्षिणेंतील कायदे व रूढि ह्यांचीहि अडचण होती. कारणें खरीं असतील. तरीहि ज्यांची सेवा करावयाची त्यांना आपल्या पंक्तीला घेणें हें सेवेपेक्षांहि अवघड असतें, हें ह्यावरून दिसतें. संघानें पुढें हें दार उघडलें. संतत्व म्हणजे उणिवांचा अभाव नव्हे. देवाच्या कृपेनें आपल्या काळाच्या पुढें जितकें जातां येईल तितकें जाणें आणि मागून येणाऱ्यांसाठीं वाट मोकळी ठेवणें, असा त्याचा अर्थ आम्ही घेतों.

अखेरचा काळ

संघाचे नियम रोमकडून मंजूर करून घेण्याच्या कामीं संत फ्रान्सिस कॅब्रिनी ह्यांनीं त्यांना स्वतः रोमला जाण्याचा सल्ला दिला होता. १९१३ सालीं अखेरची मंजुरी मिळाली. १९३५ सालीं मदरना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. पुढें त्यांनीं अधिकारपद सोडलें. तरुणपणीं ज्या एकांत प्रार्थनेची त्यांना आस होती, ती देवानें शेवटच्या सुमारें वीस वर्षांत पुरी केली. आजाऱ्याच्या खोलींतून त्या साक्रामेंताची आराधना करीत व दूरच्या शाळांसाठीं प्रार्थना करीत. ता. ३ मार्च १९५५ रोजीं वयाच्या ९६ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. तेव्हां संघांत पांचशेंच्या वर भगिनी होत्या.

वडिलांच्या मृत्युपत्रांतलें तें कलम आतां लागू झालें. तिघींपैकीं कोणालाच अपत्य नव्हतें. मृत्युपत्र झालें तेव्हां संघ जन्मला नव्हता, म्हणून त्याचें नांव त्यांत नव्हतें. सारें भांडवल नेमलेल्या इतर संस्थांकडे गेलें आणि संघाला ह्या उत्पन्नांतून पुढें कांहीं मिळालें नाहीं. मदरना हें ठाऊक होतें. तरीहि त्यांनीं संघासाठीं गांठ मारून न ठेवितां पैसा शाळांत ओतला. ज्या मेजावर भाकर रोज मोडली जाते तेथें उद्यांची चिंता देवाकडे सोंपवावी, हा त्यांचा विश्वास होता.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९८८ सालीं त्यांना धन्यवादित ठरविलें व ता. १ ऑक्टोबर २००० रोजीं संतपद दिलें. त्याच दिवशीं सुदानांत गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या जोसेफीन बखिता ह्यांनाहि संतपद मिळालें. श्रीमंताची कन्या आणि विकली गेलेली मुलगी एकाच वेदीवर एकाच सकाळीं सन्मानिल्या गेल्या. संत कॅथरीन ह्यांचा पवित्र देह २०१८ पासून फिलाडेल्फियाच्या कॅथेड्रलांत आहे. त्यांचा सण ३ मार्च रोजीं येतो.

आमच्यासाठीं

वाचकहो, अमेरिकेंतला भेद रंगाचा, आमच्याकडला जातीचा. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. परंतु घटना देवळाच्या आंतील बांकांना हात लावूं शकत नाहीं. तें काम आमचें आहे. गोव्यांत एकेकाळीं जातवार कोंफ्रारिया होत्या. तमिळनाडूंतील कांहीं गांवीं ख्रिस्ती स्मशानांतहि भिंत घातली गेली. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें जें धुतलें तें आम्हीं पुन्हां अंगाला लावून घेतलें, हें आम्हांला नाकारतां येत नाहीं.

ज्युबिलीच्या निमित्तानें पुष्कळ धर्मग्राम नवा मंडप, नवी घंटा, नवी रोषणाई करितात. तीं अवश्य व्हावींत. परंतु रविवारीं मिस्सेच्या वेळीं एकवार मागें वळून पाहावें. कामासाठीं झारखंडहून आलेला आदिवासी बंधु शेवटच्या बांकावर एकटाच बसला आहे काय? घरकाम करणारी बाई मिस्सा संपतांच कोणाशीं न बोलतां निघून जाते काय? सणाच्या समितींत, गायकमंडळांत, लग्नाच्या बोलणींत कोणाचें आडनांव ऐकून आवाज खालीं येतो? ह्या प्रश्नांना पैशानें उत्तर देतां येत नाहीं. संत कॅथरीन ह्यांनीं पोपमहाराजांपुढें पैसा ठेविला आणि देवानें त्यांना स्वतःला मागितलें. आमच्याकडेहि वर्गणीच्या यादींत नांव घालणें सोपें आहे. बांकावर सरकून जागा करणें तेवढें राहिलें आहे. आमच्या ह्या देवळांत येत्या रविवारपासून कोणालाहि जागेवांचून पाठीमागें उभें राहावें लागूं नये, एवढा निर्धार आपण सर्वांनीं केला तर ज्युबिली खऱ्या अर्थानें साजरी झाली, असें आम्ही समजूं.

संत कॅथरीन ड्रेक्सेल, आम्हांसाठीं देवाजवळ विनंती कर. आमेन.